तांबड्या फडक्यातली पोथी

नऊ वर्षं मी एक कादंबरी शोधत होते. ‘भागूची फिर्याद’ हे तिचं नाव. एकोणीसशे दहा साली गिरगावातल्या कुठल्याशा लहान छापखान्यात ती छापली गेली. लेखकाच्या नावाच्या जागी नुसतं ‘एक गिरणीवासी’. वर्ष उलटायच्या आत सरकारनं ती जप्त केली. जप्त पुस्तकांच्या यादीत तिच्यापुढे एकच ओळ होती, ‘गिरणीकामगारांत असंतोष फैलावण्यास कारण’. यादी मिळाली, ओळ मिळाली, पुस्तक मात्र कुठेच नाही. पुण्यात धूळ खाल्ली, लंडनला मेल पाठवल्या, दोन जुन्या वाचनालयांच्या माळ्यावर चढून एकदा पाय मुरगळून घेतला.

माझा प्रबंध इंग्रजांच्या काळातल्या मराठी कादंबऱ्यांवर. त्यांनी लोकांत काय घडवलं, कुणाला बोलतं केलं, कुणाला घाबरवलं, असा विषय. विधवांच्या, शिकलेल्या सुनांच्या, सुधारकांच्या कादंबऱ्या मिळाल्या, त्यावर तीन प्रकरणं झाली. पण ती सगळी शिकलेल्यांनी शिकलेल्यांसाठी लिहिलेली. मला हवी होती ती चाळीतली, गिरणीतल्या बायकांची गोष्ट. ती मिळेना, तेव्हा वैतागून मी चौथ्या प्रकरणात लिहून टाकलं होतं, ‘कामगार स्त्रियांपर्यंत ही कादंबरी पोचल्याचा कोणताही पुरावा उपलब्ध नाही.’ माझे मार्गदर्शक विद्याधर सर म्हणाले, “प्रांजल, नसलेल्या पुस्तकावर प्रकरण लिहिता येत नाही. तीस तारखेपर्यंत पुस्तक आण, नाहीतर हे प्रकरण काढ.” तीस तारीख ही विद्यापीठानं दिलेली तिसरी आणि शेवटची मुदत होती. प्रकरण काढलं असतं तर मागे उरलं असतं ते माझ्याआधी तीन संशोधकांनी लिहून झालेलं.

गुरुवारी साडेअकराला मी विक्रोळीला कॉलेजच्या स्टाफरूममध्ये बसले होते. तिथे मी तासांवर शिकवते, गेली अकरा वर्षं. सरांनी मोबाईलवर तीन फोटो पाठवले. त्यांच्या कुणा मित्राला पोलिसांच्या जुन्या कागदांत एक पंचनामा सापडला होता. खाली सरांचा निरोप, ‘तुझ्या भागूचा उल्लेख आहे. बघ.’

मी वाचायला लागले. पहिल्या पानावर खबऱ्याचा जबाब होता. ‘सदर इसम रोज दिवेलागणीनंतर चाळीचे जिन्याखालीं भागू नांवाचे बाईची गोष्ट वाचून दाखवितो. रीळ खात्यांतील तीस-पस्तीस बायका जमतात. वाचन चालू झाल्यापासून त्या खात्यांतील बायकांनीं दोनदां यंत्रें बंद ठेविलीं.’

मी टेबलावर हात आपटला तसा शेजारच्या भूगोलाच्या मॅडमचा चहा सांडला. नऊ वर्षं जे मिळत नव्हतं ते चार ओळींत होतं. सूत गुंडाळणाऱ्या रीळ खात्यातल्या बायका जमत होत्या, ऐकत होत्या आणि ऐकून यंत्रं बंद ठेवत होत्या. माझं चौथं प्रकरण खोटं होतं, आणि मला एवढा आनंद झाला की मी मॅडमना सॉरी म्हणायलाही विसरले.

दुसऱ्या पानावर झडतीची हकिकत होती. ‘झडती घेतां घरांत एक बाई देवापुढें पोथी उघडून बसली होती. पोथी तांबड्या फडक्यांत होती. आमचे पायांत जोडे असल्यानें देवाजवळ गेलों नाहीं. पोथीशिवाय घरांत छापील कागद आढळला नाहीं.’ आणि त्याखाली इसमाचं नाव, ‘काशीराम सखाराम आंब्रे, मूळ राहणार मौजे नांदगांव, जिल्हे रत्नागिरी.’

हे नाव मी चारच दिवसांपूर्वी ऐकलं होतं. रविवारी बाबांचं वर्षश्राद्ध झालं. माझा भाऊ सर्वेश पाटावर बसला होता आणि भटजी त्याच्याकडून तीन पिढ्यांची नावं म्हणवून घेत होते. वडील दशरथ, आजोबा यशवंत, पणजोबा काशीराम. आमचं आडनाव आंब्रे. आमचं गाव नांदगाव.

आणि आमच्या देवघरात, उजव्या कोपऱ्यात, तांबड्या फडक्यात बांधलेली पोथी होती.

माझ्या जन्माच्या आधीपासून ती तिथे होती. तिचे नियम होते. ती उघडायची नाही. परक्यानं मागितली तर द्यायची नाही, दाखवायचीही नाही. तिला हात फक्त घरच्या सुनेनं लावायचा, तोही दसऱ्याला, पुसून नवं फडकं बांधण्यापुरता. लेकींनी तर लांबूनच नमस्कार करायचा. लहानपणी मी एकदा गाठीला बोट लावलं तेव्हा आजीनं असा धपाटा घातला होता की माझ्या डोक्यात ती पोथी कायमची बसली, एक कर्मठ, कटकट्या देवाची पोथी म्हणून. शिकायला लागल्यावर तर मला तिचा रागच यायचा. न वाचायची पुस्तकं पुजणाऱ्या लोकांवर मी कॉलेजात फार छान बोलते.

रविवारी श्राद्धाचं जेवण झाल्यावर आई मला म्हणाली होती, “प्रांजल, आता त्या पोथीचं काय करायचं गो? सर्वेशचं काय लग्नाचं चिन्ह दिसत नाय. माझ्यामागे तिला कोण बघणार?” मला सोमवारच्या लेक्चरची तयारी करायची होती. मी म्हटलं, “वाचत तर कुणीच नाही, फुलं कशाला वाहत बसतेस? सोडून दे खाडीत.” आईनं ताटं उचलली. मग म्हणाली, “तू म्हणतेस तर सोडूया. गुरुवार बरा.”

मी आईला फोन लावला. घाईत दोनदा भलतंच नाव दाबलं गेलं.

“आई, पोथी कुठे आहे?”

“सर्वेश घेऊन गेला ना सकाळी. आठलाच गेला. कामावर जायच्या आधी सोडतो म्हणाला.”

“सोडली?”

“सोडली असणार. काय झालं गो?”

मी फोन ठेवला. काय झालं ते सांगत बसायला मला वेळ नव्हता.

सर्वेश साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतो. तिथे फोन घेता येत नाही. मी रिक्षा पकडली आणि पवईवरून साकीनाक्याला पोचेपर्यंत त्याला एकवीस वेळा फोन केला. वाटेत देवाला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. ज्या देवाला मी मानत नाही त्यालाच मी सांगत होते की सर्वेश आज नेहमीसारखा आळशी निघू दे, पिशवी त्याच्या स्कूटरलाच लटकलेली असू दे.

तो वर्कशॉपच्या दारात आला, हात तेलानं काळे, चेहऱ्यावर भीती. त्याला वाटलं आईला काही झालं.

“पोथी सोडलीस?”

“हो. का?”

“कुठे?”

“जेट्टीवरून. गोराईच्या. ताई, काय झालं काय?”

“प्लॅस्टिकच्या पिशवीत होती का? पिशवीसकट टाकलीस?”

“येडा आहे का मी?” सर्वेशला रागच आला. “तिथे बोर्ड लावलाय, प्लॅस्टिक टाकू नका. आणि आईनं सांगितलेलं ना, गाठ सोडून सोड, बांधलेलं पाण्यात टाकू नये, त्याला मुक्ती मिळत नाही. मी फडकं सोडलं, पानं मोकळी केली. आतला दोराही कुजलेला, तो तोडला. सगळं व्यवस्थित केलं मी.”

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या भावानं एखादं काम सांगितल्याप्रमाणे, नीट, मन लावून केलं होतं. मी तिथेच रस्त्यावर खाली बसले. सर्वेशनं मला उठवलं.

“पानांवर काय होतं? बघितलंस?”

“वरची दोन-तीन देवाची होती. मग मी डोळे मिटले. नमस्कार करायचा होता ना.”

मी त्याला रिक्षात कोंबलं. हायवेला लागेपर्यंत सगळं सांगितलं, पंचनामा दाखवला. त्यानं तो दोनदा वाचला. “म्हणजे वर पोथीची पानं लावून खाली…” एवढंच म्हणाला. आणि त्यानं तेलकट हातांनीच तोंड झाकून घेतलं. मला त्याला समजवायला हवं होतं, तुझी चूक नाही म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही. मी रिक्षावाल्यावर खेकसत होते.

जेट्टीवर पोचलो तेव्हा दीड वाजून गेला होता. सकाळी सर्वेश आला तेव्हा काठोकाठ पाणी होतं. आता खाडीनं दोन्ही बाजूंना चिखल उघडा टाकला होता. ऊन चिखलावर चमकत होतं. एक म्हातारा कोळी जाळ्याची फाटलेली बाजू विणत बसला होता, आणि त्याची बायको पाटीतल्या बोंबलांवरच्या माश्या हाकत होती. त्यांची नावं मला नंतर कळली, हरेश्वर आणि पुतळाबाई.

“काका, सकाळी इथे कुणी पानं सोडली होती. पुस्तकाची पानं. दिसली का?”

हरेश्वरकाकांनी सर्वेशकडे बघितलं. “ह्योच ना तो? पांढरी स्कूटर. बराच वेळ हात जोडून उभा व्हता.”

“हो, हाच. पानं कुठे गेली?”

“कुटं म्हंजे? भरती सरली नि पाणी उलटलं. आता ती वसईला तरी गेली नायतर भर समुद्रात. पाण्यात पडलेला कागद काय बोय मासा हाय, परत यायला?”

“सगळी जाणार नाहीत. काठच्या तिवरांच्या झुडपांत अडकली असतील.”

मी चपला काढल्या आणि जेट्टीच्या कडेनं खाली उतरले. लांबून तो चिखल टणक दिसतो. पहिल्या पावलाला घोट्यापर्यंत, तिसऱ्या पावलाला गुडघ्यापर्यंत गेले. तिवरांच्या टोकदार मुळ्या पायाला लागत होत्या. मला पुढे एका झुडपाखाली काहीतरी पांढरं दिसलं. वेफर्सच्या पाकिटाची आतली बाजू होती. त्यापलीकडे आणखी एक पांढरं, ते थर्माकोल. मी मांडीपर्यंत रुतले तरी चालत होते. मागून सर्वेश ओरडत होता, “ताई, मागे ये.” मला रडू येत होतं आणि रडायचा मला भयंकर संताप येत होता. शंभर वर्षं. पोलीस आले, गिरणी बंद पडली, लालबागच्या चाळीतली खोली गेली, आजी गेली, बाबा गेले, आणि ते पुस्तक टिकलं. माझ्या एका वाक्यानं गेलं. लेक्चरची तयारी करायची म्हणून तोंडातून सांडलेल्या एका वाक्यानं.

हरेश्वरकाकांनी मला बाहेर काढलं. एक फळी टाकून, तिच्यावर पोटावर झोपायला लावून, एखादी गोणी ओढावी तसं ओढलं. वर शिव्या घातल्या त्या वेगळ्याच.

“पोथीसाठी जीव देतं काय कुणी? आँ? पोथी सोडतात ती सोडायलाच.”

“ती पोथी नव्हती काका.”

तेव्हा पुतळाबाई उठल्या. जेट्टीच्या कठड्याला लागून एक छोटं देऊळ आहे, दर्याला नारळ देतात तिथलं. त्याच्या ओट्यावर दगडाखाली दाबून काही पानं वाळत ठेवली होती.

“ही बग, ही अडकली व्हती ती मी काढली,” पुतळाबाई म्हणाल्या. “देवाची पानं पायाखाली नको म्हनून वर ठेवली. आकडे हायेत बग ओव्यांचे. मला वाचता येतंय.”

मी चिखलाच्या हातांनी ती पानं घेतली. तीन पानं होती. जाड, पिवळी, काळ्या टपोऱ्या अक्षरांची. प्रत्येक ओवीच्या शेवटी आकडा. पणजोबांनी वरून लावलेली खरीखुरी पोथी, शिपायाला लांबून दाखवायची.

“आणि बाकीची? यांच्याबरोबर आणखी असतील ना? बारीक अक्षरांची?”

पुतळाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं.

“व्हती ना,” त्या म्हणाल्या. “पायरीपाशी बराच गठ्ठा व्हता. पण त्याच्यावर ओव्या नव्हत्या. नुसतं पेपरासारखं लिवलेलं, अमकी बोलली, तमका बोलला. म्हटलं, ही काय देवाची नाय. मग ह्यांनी काठीनं लोटली पाण्यात. होडी लावायला मधे येत व्हती.”

कुणावर ओरडायचं? त्या बाईनं केलं ते माझ्या आजीनंही केलं असतं. देवाची तेवढी उचलली, बाईची गोष्ट पाण्यात लोटली. मी ती तीन पानं सर्वेशच्या हातात दिली, तर त्यानं सवयीनं कपाळाला लावली. मी त्याच्याकडे बघितल्यावर त्यानं हात खाली घेतला.

आम्ही तीन वाजता चारकोपला घरी पोचलो. मी घाटकोपरला भाड्याच्या खोलीत राहते, त्यामुळे आठवड्याच्या मधल्या दिवशी मला दारात बघूनच आई चपापली. त्यात मी कमरेपर्यंत चिखलानं माखलेली.

“अगो बाय माझ्या! काय झालं? खंय पडलंस?”

तिनं मला मोरीत बसवलं आणि बादलीतलं पाणी पायांवर ओतायला लागली. मुळ्यांनी पाय सोलले होते. सर्वेश बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसला होता. आई पुन्हा पुन्हा विचारत होती आणि मी, शेवटी, तिला सांगितलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा माझा विषय मी माझ्या आईला सांगितला, मोरीत बसून.

“इंग्रजांच्या वेळची एक कादंबरी होती आई. सरकारनं बंद केलेली. गिरणीतल्या एका बाईची गोष्ट. भागू नावाच्या.”

आईच्या हातातला तांब्या थांबला.

“आमची भागू?” ती म्हणाली.

मी मान वर करून तिच्याकडे बघितलं.

“रीळ खात्यातली? मुकादमावर, त्या जॉबरावर फिर्याद करते ती? तू तिला शोधत होतीस?”

“तू… तू वाचलीस ती?”

“वाचली म्हणजे काय! पंचेचाळीस दसरे वाचतेय.” आई मोरीच्या कट्ट्यावर बसली. “पुरुष सोनं द्यायला बाहेर पडले की दोन-तीन तास मिळायचे. सासूबाईंनी मला पहिल्याच दसऱ्याला सांगितलं. फडकं बदलायच्या निमित्तानं वाचायची, कुणाला बोलायचं नाही. पहिल्यांदा वाचून संपवायला सात दसरे लागले मला. मग दर वर्षी हवा तो भाग काढून वाचायचे. रतनसासूबाईंनी, म्हणजे तुझ्या पणजीनं, लावून दिलेला नियम. त्यांना स्वतःला अक्षर येत नव्हतं. पोलीस आले तेव्हा पोथी उलटी धरून बसल्या होत्या म्हणे.” आई जराशी हसली. “सासूबाई हे सांगून इतक्या हसायच्या.”

“मला का नाही सांगितलं?” माझा आवाज चिरकला. “मी या घरातली नव्हते?”

“लेकीला नाय सांगायचं, असंच होतं. लेक दुसऱ्या घरी जाते, तिच्या तोंडातून निघालं तर सगळे तुरुंगात, असं रतनसासूबाई म्हणायच्या. सुनेला सांगायचं. सुनेला खंय जायचं असतं?”

“आई, इंग्रज जाऊन पाऊणशे वर्षं झाली.”

“ठाऊक आहे गो मला. पण नियम कुणी मोडला नव्हता ना. मी कशी मोडणार? आणि तू कधी विचारलंस?”

“मग सोडलीस कशाला?”

“तू म्हणालीस.” तिनं ते अगदी साधेपणानं सांगितलं. “तू एवढी पुस्तकांतली. तू म्हणालीस यात काय नाय, तर मला वाटलं तुला ठाऊक असेल. जगात अशी ढीगभर असतील. आणि सून येत नाय, तर माझ्यामागे ती रद्दीवाल्याच्या तराजूत जाण्यापरीस पाण्यात बरी. त्यात आमचं लिहिलेलं होतं.”

“काय लिहिलेलं?”

“शेवटी.” आई माझ्या पायाची जखम पदरानं टिपत होती. “मॅजिस्ट्रेट भागूची फिर्याद फाडतो. तिथे गोष्ट संपते. मग एक पान कोरं होतं. वर छापलेलं, ‘ज्या भगिनींची फिर्याद कोणी ऐकिली नाहीं त्यांनीं ती येथें लिहावी.’ त्यात चाळीतल्या बायकांचे अंगठे होते. पंधरा-वीस तरी. प्रत्येकीपुढे काशीराम सासऱ्यांनी दोन-दोन ओळी लिहिलेल्या. रतनसासूबाईंचाही अंगठा होता. मग सासूबाईंनी लिहिलं. मग मी.”

कादंबरीची दुसरी प्रत कदाचित कुठे निघालीही असती, कुठल्या तरी परदेशी कपाटात. पण हे पान निघणार नव्हतं. तीस-पस्तीस बायका ऐकायला बसल्या होत्या, त्यांतल्या पंधरा-वीस जणींनी आपलं गाऱ्हाणं सांगून अंगठा उठवला होता. कामगार स्त्रियांपर्यंत पोचल्याचा पुरावा. तो आमच्या देवघरात होता आणि मी दर रविवारी त्याच्याखाली बसून वरण-भात खाल्ला होता.

“कुणी काय लिहिलेलं, आठवतं तुला?”

“थोडं थोडं. एकीनं लिहिलेलं, पोर गिरणीच्या पायरीवर जन्मलं आणि अर्धा दिवस कापला. एकीनं नवऱ्याचं लिहिलेलं. पण नावं नाय आठवत. अंगठे काय, सगळे सारखेच दिसतात.”

“आणि तू?”

बाहेर सर्वेश उठून दारापर्यंत आला होता, तो तिथेच उभा राहिला.

“मी दोन लिहिल्या,” ती म्हणाली. “पहिली बाविसाव्या वर्षी. मला नर्सिंगला नंबर लागला होता. पत्र आलं ते तुझ्या आजोबांनी चुलीत घातलं, आणि तुझे बाबा बघत राहिले. ते लिहिलं.”

हे मला माहीत नव्हतं. माझी आई नर्स होणार होती हे मला एकेचाळीसाव्या वर्षी कळत होतं.

“आणि दुसरी?”

“दुसरी गेल्या दसऱ्याला. बाबा गेले त्याच्यानंतर.”

“कुणाविरुद्ध?”

“तुझ्याविरुद्ध,” आई म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी भांडले असते, भांडायला मला छान येतं.

“लिहिलं की माझी लेक नऊ वर्षं कसलं तरी मोठं पुस्तक लिहितेय. कसलं, ते विचारलं की म्हणते, तुला नाय कळायचं. मला वाचायला आवडतं हे तिला ठाऊक पण नाय. एवढंच लिहिलं.” तिनं तांब्या पुन्हा बादलीत बुडवला. “वाटलं होतं, माझ्यामागे सून वाचेल आणि तुला सांगेल.”

ती माझ्या पायांवर पाणी ओतत राहिली. चिखल कधीचाच गेला होता. मी तिचा हात धरला. सरांना काय सांगायचं, तीस तारखेचं काय करायचं, यातलं काहीच माझ्या डोक्यात राहिलं नव्हतं. माझ्या आईनं आयुष्यात माझ्याविरुद्ध एकच फिर्याद लिहिली होती, आणि ती न वाचताच मी बुडवायला सांगितली होती.